दुपट्याचा आतला थर

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या दिवशी, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मला आज ‘बाईचे श्रम आणि त्यांचं मोल’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर मी गेली तीस वर्षं बोलते आहे. तुमच्यातल्या निम्म्याजणींनी माझं ते भाषण ऐकलेलं आहे, काहीजणींना तर पाठ असेल. म्हणून आज कागद आणलेले नाहीत, ही पिशवी आणली आहे. हिच्यात एक दुपटं आहे. मी हातानं शिवलेलं, आयुष्यातलं पहिलं. ज्या बाळाचं आहे त्याच्या आईनं ते आजच्यापुरतं दिलंय आणि संध्याकाळी परत करायचंय. पुढच्या ओळीपासून मागेपर्यंत फिरवा. टाके वाकडे आहेत, हसायला परवानगी आहे.

माझं वय ५७. या वयापर्यंत मी सुईला हात लावला नव्हता, आणि ते मी अभिमानानं सांगत असे. आमच्या शाळेत शिवणाचा तास फक्त मुलींना असे. मुलं तेव्हा मैदानावर खेळत. मी एकदा रुमाल अर्धवट टाकून वर्गाबाहेर गेले, छड्या खाल्ल्या, पण परत शिवणाला बसले नाही. पुढे संघटनेत आल्यावर त्याला विचारांचा आधार मिळाला. बायकांसाठी योजना म्हटलं की पापड, लोणची आणि शिलाई मशीन, यावर आम्ही किती टीका केली! ती टीका चूक नव्हती. पण तिच्या आड एक गोष्ट लपली होती. हे काम सोपं आहे, कुणीही बाई जन्मतःच ते शिकून येते, असं मलाही कुठेतरी वाटत होतं. समाज जे म्हणतो तेच मी म्हणत होते, फक्त वेगळ्या सुरात.

मागच्या वर्षाच्या आधीची दिवाळी झाली तेव्हाची गोष्ट. आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीला सहावा महिना होता. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे ती धास्तावलेली. तिची आई नाही. मीटिंग संपल्यावर चहा पिताना ती सहज म्हणाली, “सगळ्यांच्या आया दुपटी-कुंच्या करून आणतात. माझं कोण करणार? दुकानातून आणू.” मी म्हटलं, “मी करते.” तोंडातून शब्द गेला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण माझ्या कुर्त्याची बटणंसुद्धा दुसऱ्याच कुणीतरी लावून दिलेली असतात.

आमच्या वस्तीत एक मावशी गोधड्या शिवतात. त्यांचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. बहात्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर मराठवाड्यातून पुण्यात आल्या, तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. एकोणतिसाव्या वर्षी नवरा गेला. दोन मुलं वाढवली ती चार घरची धुणीभांडी आणि रात्रीच्या गोधड्या यांवर. त्यांच्याकडे मी शिकायला गेले.

पहिल्याच दिवशी मी नापास झाले. मी हौसेनं रंगीत, फुलाफुलांची साडी नेली होती. मावशींनी ती दोन बोटांत चोळली आणि बाजूला ठेवली. “ही घाम पीत न्हाई ताई. बाळाला उकडंल.” पॉलिस्टरची होती. मग नवं सुती कापड आणलं, तर त्याला खळ होती. “आधी दोनदा धुवा. आटायचं ते आटू द्या, रंग जायचा तो जाऊ द्या.” नवं कापड न धुता जुन्याला जोडलं की पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि दुपट्याला पोतेरं झाल्यासारख्या चुण्या पडतात. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

तुमच्यात कुणी नवशिकी असेल तर तिच्यासाठी सांगते. दुपटं साधारण ३० इंच रुंद आणि ३६ इंच लांब. तीन थर पुरे, वरचा, आतला आणि खालचा. लहान बाळाचं असेल तर चौथा थर घालू नये, जड होतं. थर एकावर एक अंथरून हातानं सपाट करायचे आणि वीतवीत अंतरावर कच्चा दोरा घालायचा. मला ते वेळ घालवणं वाटलं, मी नुसत्या टाचण्या लावल्या आणि सुरुवात केली. चार ओळी झाल्या आणि आतला थर सरकून एका बाजूला गोळा झाला. मग कच्चा दोरा घातला. शिवण कडेनं सुरू करायची, चारही बाजूंनी फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचं. ओळीत अंतर एक बोट. गाठ वर कधी ठेवायची नाही, थरांच्या आत ओढून घ्यायची. टिकली, मणी, बटण, लोंबता गोंडा काही लावायचं नाही, बाळ तोंडात घालतं. आणि सुया मोजून काढायच्या, मोजून परत ठेवायच्या. मावशी रोज उठताना सुया मोजतात, आपल्या मीटिंगची वर्गणीसुद्धा आपण इतक्या काटेकोरपणे मोजत नाही.

आठवड्यानं मी दोन फेऱ्या पूर्ण करून मोठ्या ऐटीत दाखवायला नेल्या. मावशींनी दुपटं उलटं केलं. खालच्या बाजूला माझे टाके बोटभर लांब पडले होते. त्यांनी आपली करंगळी एका टाक्यात घातली आणि उचलली. दुपटं करंगळीला लटकलं. “बाळाच्या पायाचं बोट अडकलं तर?” एवढंच म्हणाल्या आणि कात्री माझ्या हातात दिली. सगळं उसवलं. त्या दिवशी मला कळलं की बारीक टाका हा शोभेसाठी नसतो. त्यामागे विचार असतो. शेकडो वर्षं बायकांनी हा विचार केला, एकमेकींना शिकवला, आणि आपण त्याला ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणतो.

आता हिशेब. सवयीप्रमाणे मी वहीत मांडला. बोटभर अंतरानं, म्हणजे अर्ध्या इंचानं, ओळी घातल्या तर एवढ्याशा दुपट्यात सुमारे ६० वार शिवण होते. इंचाला तीन टाके धरले तर साडेसहा हजार टाके. उसवलेलं, धुणं, जोडणं सगळं धरून मला ३३ तास लागले. मावशींची मोठी गोधडी चार फूट बाय सहा फुटांची. तिच्यात १९२ वार शिवण आणि वीस हजारांवर टाके. त्यांचा हात चालतो, त्यामुळे त्यांना सगळं मिळून ३० तास लागतात. त्याचे त्यांना मिळतात ६०० रुपये, आणि त्यातून ६० रुपये दोऱ्याला जातात. म्हणजे तासाला १८ रुपये. हा आकडा मी त्यांना सांगितला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “तास कोन मोजतंय? रातचंच करते न्हवं.” रात्रीचा तास हा तास नाही, बसून केलेलं काम हे काम नाही, हे आपण बायकांनीच किती आत मुरवून घेतलंय बघा. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असं तिच्यात दिसलं. हे झालं बिनपैशाचं घरकाम. मावशींसारखी बाई ते उरकून मग गोधडीला बसते. घरी बसून काम करणाऱ्या कामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवावं, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली केला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

इथपर्यंत माझं भाषण नेहमीच्याच वळणावर गेलं असं तुम्हाला वाटेल. पण मी सांगायला आले आहे ते पुढचं आहे.

उसवाउसवीत आतल्या थराचं कापड खराब झालं. जुनं सुती कापड आता सहज मिळत नाही, आपल्याही घरात सिंथेटिक साड्याच जास्त. मावशींनी ट्रंक उघडली आणि तळातून एक जुनी, धुवून धुवून लोण्यासारखी झालेली सुती साडी काढली. माझ्या मांडीवर ठेवली. आणि लगेच परत उचलून घेतली. “नगं ताई. माझं नगं. पहिलंच दुपटं हाय.”

मला आधी समजेना. मग समजलं. बाळाच्या पहिल्या दुपट्याला सवाष्णीचं, लेकुरवाळीचं कापड लागतं. विधवेचं चालत नाही, मूल नसलेलीचं चालत नाही. मावशी आजवर शेकडो गोधड्या शिवत आल्या, त्या गोधड्यांखाली संसार झाले, पोरं झाली, कुणी काही विचारलं नाही. पण नव्या बाळाचं पहिलं दुपटं त्यांच्याकडे कुणी देत नाही, आणि दिलं तरी त्या घेत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या नातवाचं पहिलं दुपटं व्याह्यांच्या घरून आलं.

मी म्हटलं, “मावशी, मग मी तरी कुठे बसते यात? माझं लग्न नाही, मूल नाही. हे दुपटं तर मीच शिवतेय.” त्या जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, “तुमचं चालतंय ताई. तुम्ही शिकल्याल्या.”

मैत्रिणींनो, यावर आपण विचार केला पाहिजे. माझं शिक्षण, माझी जात, माझं बोलणं, माझी नोकरी यांनी मला या नियमातून सूट मिळवून दिली होती. नियम जागेवरच होता. मी त्याच्याबाहेर असल्यामुळे तो मला दिसतच नव्हता.

मी हट्ट धरला. तीच साडी हवी म्हणाले. मावशी बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “घाला. आतल्या थरात हाय, कुनाला दिसनार न्हाई.” तशी ती आत गेली. तुमच्या हातात जे फिरतंय, त्याचा मऊपणा त्या साडीचा आहे.

फेब्रुवारीत मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. मी दुपटं घेऊन गेले. घर भरलेलं, सगळ्यांनी कौतुक केलं, “ताईंनी स्वतः शिवलं!” आणि मला राहवलं नाही. मी भाषण केलं. हे मी एकटीनं शिवलं नाही, मला कुणी शिकवलं, आतलं कापड कुणाच्या साडीचं आहे, आणि विधवेच्या साडीत बाळाला गुंडाळायला काय हरकत आहे, सगळं बोलले. दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळाच्या आजीनं काही न बोलता दुपट्याची घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिली. बाळाला दुकानातल्या केसाळ ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. मी वळले तर मावशी दारात उभ्या होत्या. बाळासाठी डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. डबा उंबऱ्याशी ठेवला आणि गेल्या.

त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या गल्लीतल्या दोन गोधड्यांचं काम त्यांच्या हातून गेलं. बाई असं लपवून कापड घालते म्हटल्यावर कोण देणार? धाडस मी केलं होतं आणि किंमत त्यांनी मोजली. मी दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयात येऊन चहा पीत बसले होते.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “बोलाया माझी ना न्हवती. पर आदी मला इचारायचं हुतं. साडी माझी हुती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण म्हणतो, बाईच्या शरीरावर तिचा हक्क, तिच्या कमाईवर तिचा हक्क. तिच्या गोष्टीवरही तिचाच हक्क असतो, हे मी विसरले. आज इथे हे सांगण्याआधी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगा, पर नाव नगं.” म्हणून नाव घेतलेलं नाही.

दुपट्याचं पुढे काय झालं तेही सांगते. एप्रिलमध्ये उकाडा वाढला. ब्लँकेटमध्ये पोरीला घामोळं आलं, ती रात्रभर रडायची. बाळाच्या आईनं कपाटावरचं दुपटं काढलं आणि खाली अंथरलं. सासूनं पाहिलं, बोलली काही नाही. आठवड्यानं सासूनं स्वतःच ते धुऊन वाळत घातलं. मन बदललं असं मी म्हणणार नाही, उकाड्यानं काम केलं. पण वापर सुरू झाला. (आयांना एक सांगायचं राहिलं: बाळाला एक वर्ष होईपर्यंत झोपताना कुठलीही जाड गोधडी किंवा सैल पांघरूण अंगावर, तोंडाजवळ ठेवू नका, श्वास कोंडण्याचा धोका असतो. दुपटं जागेपणी, मांडीवर घ्यायला आणि आपली नजर असताना खाली घालायला. झोपवताना काढून ठेवायचं.)

आज सावित्रीबाईंची जयंती आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, बाळ मारू नये, म्हणून. १८७४ साली अशाच एका विधवेचं बाळ त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. मी शिवायला लागल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळतो आहे. त्या घरात जन्मलेल्या बाळांना दुपटी कुठून आली असतील? कुणी सवाष्ण कापड द्यायला पुढे आली असेल असं मला वाटत नाही. ती बाळं विधवा आयांच्याच जुन्या लुगड्यांत गुंडाळली गेली असणार, आणि सावित्रीबाईंच्या. त्यांनाही मूल नव्हतं. मी म्हणते ते इतिहासात लिहिलेलं नाही, पण कापड तर कुणाचं तरी लागलंच असेल.

त्यानंतर जवळजवळ १६० वर्षांनी, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करायचं आणि तिला धार्मिक, सामाजिक कार्यात भाग घेऊ द्यायचा. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हे करायला सांगितलं. मोठी गोष्ट झाली. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत असतो आणि दुपटं कपाटावर असतं. कपाटावरून खाली ते आपल्यालाच आणावं लागतं, आणि ज्या बाईची साडी आत आहे तिला विचारून आणावं लागतं.

सुईतून बायका बोलल्या आहेत, हे नवं नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात बायका जुन्या कपड्यांची सुजनी शिवत, तीही नवजात बाळासाठीच. १९८८ च्या सुमारास एका संस्थेच्या मदतीनं त्यांनी तो धंदा उभा केला आणि सुजनीवर हुंडा, दारू, मुलीचा जन्म नाकारणं असे विषय टाक्यांनी काढले. तिथे बाईनं स्वतः ठरवलं आपलं काय सांगायचं ते. माझ्या आणि त्यांच्या कामात हा फरक आहे.

तर माझं म्हणणं थोडक्यात तीन गोष्टींचं आहे. एक, आपापल्या वस्तीत गोधडी शिवणाऱ्या बायकांना एकत्र बसवून तासांची वही ठेवा. दर नंतर ठरवू, आधी तास मोजायला शिकू. मावशींनी आता ६०० च्या जागी ९०० सांगायला सुरुवात केली आहे. काही गिऱ्हाईकं गेली, काही राहिली. दोन, आपल्या गटातल्या बाळंतिणींसाठी सगळ्याजणींच्या कपड्यांचं दुपटं करू, सवाष्ण, विधवा, टाकलेली, एकटी, जी देईल तिच्या कापडाचं. ज्या बाळंतिणीला नको असेल तिच्यावर लादायचं नाही. तीन, दुसरीची गोष्ट सांगण्याआधी तिला विचारायचं. हे तिसरं मला सगळ्यात उशिरा कळलं.

आमच्या गटात आता आणखी एकीला दिवस गेले आहेत. तिनं स्वतः जाऊन मावशींना विचारलं, “पहिला टाका तुम्ही घालाल का?” मावशी अजून हो म्हणालेल्या नाहीत. नाहीही म्हणालेल्या नाहीत. परवा मी गेले तेव्हा कापड धुऊन, घडी घालून ठेवलेलं दिसलं. मी चष्मा शोधत होते, तर त्यांनी सुई ओवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “बारीक घाला या टायमाला.”

दुपटं फिरून आलं का? द्या इकडे. संध्याकाळच्या आत पोचवायचं आहे.